हरितगृह की हिमायतबाग: वर्षभर जायचं तर कुठे?

झाडांची आवड आहे, आठवड्यातली एखादी सकाळ काढता येते, वर्षाकाठी थोडे पैसे द्यायचीही तयारी आहे. मग संभाजीनगरात राहून नेमकं कुठल्या बागेकडे जावं, असं कुणी ना कुणी अधूनमधून विचारतं. ढोबळमानाने दोन पर्याय समोर येतात. एक म्हणजे एखाद्या संस्थेने सांभाळलेलं हरितगृह, ज्यात शेडनेटखाली (सावलीच्या जाळीखाली) नेचे (फर्न), ऑर्किड, निवडुंग आणि दुर्मिळ वनस्पतींच्या कुंड्या असतात. दुसरी म्हणजे हिमायतबागेसारखी जुनी, उघड्यावरची बाग. मी दोन्हींकडे बरीच वर्षं जातो आहे आणि दोन्हींवर जीव आहे. कल एका बाजूला आहे, तो वाचता वाचता कळेलच.

आधी हरितगृहाबद्दल, कारण उघड्यावरच्या झाडांचं कौतुक करताना त्याच्यावर अन्याय होतो. श्रावण-भाद्रपदात तिथे गेलात तर शिंदळ माकुडी फुलावर असते. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून ठेवलेलं. शिवनेरीसारख्या सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांच्या कपारीत ती रानात सापडते, आणि जगातल्या अत्यंत धोक्यातल्या वनस्पतींत तिची गणना झालेली आहे. कुंडीत मात्र ती डोळ्यांसमोर येते. बोटाच्या पेराएवढं, पाच कोनांचं, काळपट तांबडं फूल, त्यावर पिवळे ठिपके आणि कडेला बारीक लव. नाक जवळ नेलं तर वास नकोसा वाटतो, कारण तिला माश्यांना बोलवायचं असतं. उन्हाळ्यात हीच वनस्पती पानं टाकून नुसत्या मांसल हिरव्या कांड्यांवर उरते, तेव्हा नवखा माणूस मेलेलीच समजतो. फांदीच्या तुकड्यावरून ती सहज लागते. म्हणून चार ठिकाणी चार कुंड्या जपल्या गेल्या, तर कड्यावरचं एखादं ठिकाण उद्ध्वस्त झालं तरी ही वनस्पती पूर्णपणे नष्ट होत नाही. हे काम हरितगृहच करू शकतं. हिमायतबागेतला कितीही जुना आंबा ते करू शकणार नाही.

पावसाळ्याच्या अखेरीपासून माघापर्यंत हरितगृह खरोखर सुखाचं असतं. पायाखाली चिखल नाही, पाटीवर नाव लिहिलेलं, मुलांना एका जागी शंभर प्रकार दाखवता येतात. तुम्हाला याच महिन्यांत जायचं असेल आणि ओढा दुर्मिळ वनस्पतींकडे असेल, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

अडचण सुरू होते ती होळीनंतर. बंगळुरूच्या लालबागेतल्या काचघराची पायाभरणी १८८९ साली झाली आणि ते आजही दिमाखात उभं आहे, पण ते शहर नऊशे मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा सौम्य आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांना भिडतो. इथलं हरितगृह जगवायचं तर पाण्याचे फवारे, ओले पॅड, पंखे असं सगळं लागतं. आपली हवा कोरडी असल्यामुळे ओल्या पॅडमधून आलेला वारा चांगला गारही होतो, यात शंका नाही. पण बेसॉल्टच्या खडकातल्या बोअरचं पाणी जड असतं. त्यातले क्षार पॅडवर पांढरे थर करून बसतात, फवाऱ्यांची नोझलं चोंदतात आणि नेच्याच्या पानांवर खडू लागल्यासारखे डाग दिसतात. एका आठवड्याची हयगय झाली की डाव्या बाजूच्या कुंड्या ओल्या आणि उजव्या बाजूच्या वाळलेल्या. वीज गेली तर दुपारी दोन तासांत नेच्यांची टोकं करपतात.

तरीही हे सगळं मी सोसलं असतं. माझा कौल बदलला तो दाराच्या वेळेमुळे.

मी ज्या हरितगृहाकडे नेमाने जात होतो, त्याचं दार कार्यालयीन वेळेत उघडायचं: साडेदहाला उघडणार, पाचला बंद, रविवारी कुलूप. चैत्र-वैशाखात मराठवाड्यात माणूस घराबाहेर पडतो तो पहाटे, नाहीतर दिवेलागणीच्या सुमाराला. साडेदहाला डांबर तापलेलं असतं आणि पाचला कुठे वाऱ्याची पहिली झुळूक येते. म्हणजे ज्या महिन्यांत सावलीची, ओलाव्याची, हिरव्याची खरी भूक असते, त्याच महिन्यांत हे दार आपल्यासाठी बंद. किल्ली एकाच कर्मचाऱ्याकडे असायची. तो रजेवर गेला की त्या दिवशी विषय संपला. एकदा आईला घेऊन गेलो होतो. तिचे गुडघे दुखतात, रिक्षा करून पोचलो, आणि जाळीतून पलीकडचे नेचे बघून परत आलो. सकाळी सात ते नऊ उघडं ठेवता येईल का, असा अर्जही दिला. उत्तर नम्रपणे मिळालं, दार मात्र साडेदहालाच उघडत राहिलं.

त्या कर्मचाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, आणि कुलपामागे कारणही आहे. लहान निवडुंग, ऑर्किडचे कंद खिशात घालून नेणारे लोक येतात. माणसं कमी, कुंड्या मोलाच्या. मला ते पटतं. पण वर्षभर जायचं म्हटल्यावर ज्या दारापुढे अर्धं वर्ष उभंच राहायचं, त्याच्याशी सवय कशी जुळणार? तुमच्या ओळखीचं हरितगृह पहाटे उघडत असेल तर माझा हा मुद्दा तुमच्यापुरता बाद समजा.

हिमायतबागेकडे मी वळलो तो या दारामुळेच. दिल्ली दरवाजाजवळची, सलीम अली सरोवराला लागून असलेली ही सतराव्या शतकातली बाग. आज तिथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचं (स्थापना १९७२) फळ संशोधन केंद्र आहे. त्यामुळे ती प्रदर्शनाची जागा नाही, कामाची आहे. प्रयोगाच्या वाफ्यांत न विचारता पाय टाकू नये. पण उजाडता उजाडता फिरायला येणारी मंडळी तिथे असतात, आणि उन्हाळ्यात सहाच्या सुमाराला जुन्या आंब्याखाली जो गारवा मिळतो, त्याला वीज लागत नाही.

ऋतू कळतो तो इथे. माघात मोहोर येतो. एका तुऱ्यात शेकड्यांनी फुलं, त्यातली बरीचशी नुसती नर, फळ धरणारी थोडी. मोहोराखालच्या पानावरून बोट फिरवून बघा, चिकट लागेल. तो तुडतुड्यांचा, म्हणजे मोहोराचा रस शोषणाऱ्या बारीक किड्यांचा चिकटा. पुढे त्याच्यावर काळी बुरशी चढते आणि पान काजळी धरल्यासारखं होतं. मोहोरावर मधमाश्यांपेक्षा साध्या माश्याच जास्त घोंघावताना दिसतात, आणि परागीकरणाचं बरंचसं काम त्याच करतात. चैत्रात तांबूस पालवी, कडुनिंबाचा बारीक पांढरा फुलोरा, मग कैऱ्यांचा सडा. आपल्या मराठवाडा केसरला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण त्या आंब्यामागे किती फुलं गळून गेली, हे झाडाखाली उभं राहिल्याशिवाय समजत नाही.

पावसाळ्यात मात्र ही बाग अवघड होते. काळी माती चपलेला किलो-किलोने चिकटते, डास असतात, गवतात पाय जपून टाकावा लागतो. आषाढ ते भाद्रपद वयस्क माणसांना तिथे नेऊ नये असं मला वाटतं. तेवढे महिने हरितगृहाचेच.

आता हातभाराचं. हरितगृहाला मदत करणं सोपं आहे, कारण तिथे गरज थेट दिसते. मी रोख देण्यापेक्षा वस्तू देणं पसंत करतो: नोझलांचा संच, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) पोती, उन्हाने न उडणाऱ्या शाईतल्या नावाच्या पाट्या. शेडनेट काही वर्षांत उन्हाने विरतं, तेव्हा चौघांनी मिळून नवं घेऊन द्यावं. मात्र देण्याआधी पाण्याचा विचार करा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर आलं आणि माणसांच्या घागरी भरल्या. अशा वर्षी फवारे चालवा असं कुठल्या तोंडाने म्हणणार? त्या उन्हाळ्यात चिंचा आणि कडुनिंब मात्र वरून पाणी न मागता हिरवे उभे होते.

जुन्या बागेला पैशांपेक्षा डोळे आणि वेळ जास्त लागतो. मृगाच्या तोंडावर कलमं विक्रीला असतील तर बाहेरच्या रोपवाटिकेऐवजी तिथूनच घ्या. फाल्गुनानंतर गवत वाळतं, तेव्हा विडी-सिगारेटचं थोटूक दिसलं तर विझवा, टाकणाऱ्याला थांबवा. पालापाचोळा पेटवू देऊ नका, तो बुंध्याभोवतीच राहू द्या, ओल टिकते. आणि नोंद ठेवा. सीझनवॉच नावाचा देशभर चालणारा उपक्रम आहे. एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला पालवी, कळी, फूल, फळ यांची नोंद करायची. आंबा, चिंच, कडुनिंब, बहावा ही आपली झाडं त्यात आहेत. पाऊस पुढे-मागे होतो आहे, उन्हाळा लांबतो आहे, असं आपण सगळेच म्हणतो. त्याचा मोहोरावर काय परिणाम होतो, हे अशा नोंदींवरूनच कळेल. मला तरी एका देणगीच्या पावतीपेक्षा सलग काही वर्षांची अशी वही मोलाची वाटते.

म्हणून घरात लहान मुलं असतील, किंवा शिंदळ माकुडीसारख्या वनस्पतींची ओढ असेल, तर श्रावणापासून कार्तिकापर्यंत हरितगृह धरा, आणि निघण्याआधी फोन करून दार उघडं आहे ना ते विचारा. बाकीच्या वर्षासाठी, आणि एकच जागा निवडायची झाली तर मी हिमायतबाग सांगेन. सुरुवात माघात करा. रस्त्यालगतचा, ओळखायला सोपा असा एक आंबा ठरवा. मोहोर फुटलेला असतो, त्यामुळे कळी कोणती आणि उमललेलं फूल कोणतं, हे पहिल्या आठवड्यातच नजरेला कळायला लागतं.