वार्निशखालचा तडा: जुनं जर्मन व्हायोलिन घेताना माझी झालेली फसवणूक

लेकीसाठी जुनं व्हायोलिन घेताना मी लाइपझिगमध्ये चौदाशे युरोंना फसले. इथे कुणी असंच वाद्य शोधत असेल, तर आधी हे वाचा.

जाहिरात खाजगी माणसाची होती. 'आजोबांचं व्हायोलिन, मिटनवाल्डच्या उस्तादाच्या हातचं.' मिटनवाल्ड म्हणजे व्हायोलिन बनवण्यासाठी नावाजलेलं बव्हेरियातलं गाव. आत लेबल मात्र स्ट्राडिव्हारी या जगप्रसिद्ध इटालियन कारागिराचं. त्याला मी भुलले नाही. जर्मनीच्या झाक्सन राज्यातल्या मार्कनॉयकिर्शेन आणि आसपासच्या गावांत अशी व्हायोलिनं घाऊक बनत. कुणी नुसत्या माना कोरायचं, कुणी पाठी, मग जोडणी होऊन डझनांच्या हिशेबानं माल थेट अमेरिकेला. लेबल म्हणजे कुणाच्या नमुन्यावर बनवलंय, एवढंच. त्यावर 'मेड इन जर्मनी' असेल तर ते बहुधा 1891 नंतरचं, कारण आयात मालावर देशाचं नाव अमेरिकेनं तेव्हापासून सक्तीचं केलं. आणि ही वाद्यं टाकाऊ नसतात, हे मी मनापासून सांगते. नीट जुळवून घेतलं तर आवाज मोकळा, दणकट. शिकणाऱ्या मुलांना वर्षानुवर्षं साथ देतात.

माझा घात दुसरीकडेच झाला. पाठीवर, आतला साउंडपोस्ट (वरची फळी आणि पाठ यांच्यामध्ये उभी असलेली छोटी लाकडी काडी) टेकतो नेमका तिथे, बोटभर तडा होता. तो बुजवून वर तपकिरी वार्निश फासलेलं. विक्रेत्याच्या घरातल्या पिवळ्या दिव्याखाली मला ती मेपलच्या लाकडाचीच रेघ वाटली. 'आधी कारागिराला दाखवून आणते' म्हटलं, तर म्हणाला, संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय. मी पैसे मोजले.

दुसऱ्या दिवशी कारागिरानं अतिनील दिवा धरला आणि तेवढाच पट्टा वेगळ्या रंगात उठून दिसला. मग वरच्या फळीवरच्या एफ आकाराच्या छिद्रातून छोटा आरसा आत घातला. कोपऱ्यांत आधाराचे ठोकळे नाहीत, बेसबार (वरच्या फळीला आतून आधार देणारी लांब पट्टी) वेगळा चिकटवलेला नाही, वरच्या फळीतूनच कोरून ठेवलेला. ही झाक्सनमधल्या त्या घाऊक कामाची खूण. म्हणजे मिटनवाल्डच्या उस्तादाचं नावही खोटंच. तडा दुरुस्त करायचा तर वरची फळी उघडून आतून ठिगळ बसवावं लागेल, आणि तो खर्च वाद्याच्या खऱ्या किमतीपेक्षा जास्त.

'खाजगी विक्री, परत घेणार नाही' असं त्यानं पावतीवर लिहिलं होतं. जर्मन कायद्यात, दोष मुद्दाम लपवला असेल तर अशी अट टिकत नाही. पण त्याला तो माहीत होता, हे मलाच सिद्ध करायचं आहे. वकिलाकडे मी त्याचा एक मेसेज दिलाय. खरेदीच्या आदल्या रात्री, मी न विचारताच त्यानं लिहिलं होतं, 'पाठीवर एकही तडा नाही.'