फॉर्मॅट मारावा की एसएसडी टाकावी?

जुना पीसी सुरू व्हायला रखडायला लागला की दुकानदार साधारण दोनच सल्ले देतात. फॉर्मॅट मारून, म्हणजे डिस्क पूर्ण पुसून, विंडोज नव्याने टाका, नाहीतर हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क बसवा. आमच्या घरात दोन्ही झालं. फोंड्याला माझ्या पीसीत एसएसडी आहे, म्हापशाला मेव्हण्यांनी फॉर्मॅटवर भागवलं. दोन्ही मशीनं एकाच सुमाराला घेतलेली, दोन्हींवर विंडोज १०. घड्याळ लावून काही मोजलेलं नाही, पण एकमेकांकडे येणंजाणं असल्यामुळे दोन्हींसमोर बसून भरपूर वाट पाहिली आहे.

पैसे खर्च करण्याआधी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी बघा. प्रिंटरचं, व्हिडिओ कॉलचं, गाण्यांचं अशी कसली कसली अॅप्स तिथे घुसून बसलेली असतात, ती डिसेबल करा. अँटीव्हायरस दोन असतील तर एक काढून टाका. काहींचं काम एवढ्यावरच भागतं. विंडोज सुरू होण्याआधी कंपनीच्या लोगोवरच मशीन अडत असेल, तर मात्र दोष बहुधा वेगळाच असतो. एखादा पेनड्राइव्ह मागे खुपसून राहिलेला असतो, किंवा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. तारीख दर वेळी मागे जाते आणि ‘एफ१ दाबा’ म्हणून मशीन थांबतं, ते या सेलमुळे. तो नाण्याएवढा सेल बदलला की झालं, फॉर्मॅट नको नि एसएसडीही नको.

आता फॉर्मॅट. स्वस्त पडतो, वर्षानुवर्षांचा कचरा जातो. मेव्हण्यांचा पीसी सुरुवातीला खरोखरच छान चालत होता, ते मान्य करायलाच हवं. मशीनमध्ये व्हायरस शिरला असेल तर फॉर्मॅटच योग्य, कारण एसएसडीवर क्लोन करताना, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल उतरवताना, व्हायरसही सोबत जाईल. पण फॉर्मॅटनंतर सगळा संसार पुन्हा मांडावा लागतो: प्रिंटरचा ड्रायव्हर, फॉन्ट, पासवर्ड, बँकेचं डिजिटल सिग्नेचर. माझ्याकडे जत्रेच्या नाटकांच्या संहिता आहेत, युनिकोडच्या आधीच्या एका मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या. त्याची सीडी आता कुठे शोधायची? क्लोनमध्ये सगळं होतं तिथेच राहतं, वॉलपेपरसकट.

तरीही एवढ्यावरून मी एसएसडीकडे वळलो नसतो. मला वळवलं पावसाने.

जून उजाडला की आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. माडाचं चुडत तारेवर पडतं, लाईट जाते, येते, परत जाते. यूपीएसची बॅटरी जुनी असेल तर पीसी तिथल्या तिथे बंद. इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. तुम्ही रीतसर शटडाउन केलंत की विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलून लवकर उभी राहते. लाईट अचानक गेली तर लिहून ठेवायला वेळच मिळत नाही. मग सगळं पहिल्यापासून. म्हणजे पावसाळ्यात नेमकी सगळ्यात संथ सुरुवात वाट्याला येते, आणि तीही कधीकधी एकाच दिवसात अनेकदा.

म्हापशाच्या पीसीवर हे अगदी जवळून बघितलंय. लाईट आली, बटण दाबलं, की काळ्या पडद्यावर डिस्क तपासणीचे टक्के सरकायला लागतात आणि मध्येच कुठेतरी अडकून बसतात. ते संपलं की डेस्कटॉप येतो. आयकॉन सगळे जागेवर, पण क्लिक केलं तर कर्सरभोवती निळं वर्तुळ फिरत राहतं. कॅबिनेटवरचा लाल दिवा विझतच नाही, आतून कर्रकर्र आवाज, टास्क मॅनेजर उघडलाच तर डिस्क १०० टक्के. हे फॉर्मॅट मारलेल्या, स्वच्छ विंडोजवर! सुरू झालाय असं दाखवून न चालणारा पीसी मला बंद पीसीपेक्षा जास्त छळतो.

कारण साधं आहे. सुरू होताना विंडोजला हजारो बारक्या फाइली डिस्कवर ठिकठिकाणाहून वाचाव्या लागतात. ७,२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे मारणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते आणि प्रत्येक फाइलसाठी तिच्या सुईला इकडून तिकडे पळावं लागतं. अशा विखुरलेल्या नोंदी ती सेकंदाला शंभरेक वाचते, एसएसडी हजारोंनी. फॉर्मॅटमुळे फाइली कमी होतील, सुईचं पळणं थोडंच थांबणार आहे? माझ्या पीसीची लाईट गेली तरी डिस्क तपासणी चटकन उरकते आणि डेस्कटॉप आला की लगेच काम सुरू होतं.

रॅमचं विचाराल तर चार जीबीची आठ जरूर करा, पण त्याचा फायदा ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब उघडल्यावर कळतो, सुरू होताना फारसा नाही.

एसएसडीलाही खोड्या आहेत. अचानक लाईट जाणं तिलाही मानवत नाही, आणि ती मेली तर आतलं परत मिळवणं हार्ड डिस्कपेक्षा अवघड. म्हणून बॅकअप हवाच, यूपीएसची बॅटरीही बदलायला हवी. जागाही त्याच पैशांत कमी मिळते, पण जुनी डिस्क ठणठणीत असेल तर ती त्याच कॅबिनेटमध्ये फोटो-व्हिडिओंसाठी ठेवता येते. जुन्या बोर्डावर एम.२ खाच (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीसाठीची) बहुधा नसते, तेव्हा हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची साधी अडीच इंची साटा एसएसडी घ्या. महागड्या वेगाच्या आकड्यांना भुलू नका, सुरू होण्यात तो फरक जाणवत नाही.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेही हिशेबात धरा. प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा असेल तर नवी एसएसडी आणि तिच्यावर कोरी विंडोज ११, असे दोन्ही सल्ले एकदम मानलेले बरे. त्याहून जुना असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम घालून बघायला हरकत नाही. आणि पीसी वर्षभरात बदलायचाच असेल तरी एसएसडीचे पैसे फुकट जात नाहीत, ती काढून नव्यात लावता येते.

मेव्हण्यांना अजून फॉर्मॅटच पुरेसा वाटतो. ते पीसी दिवसाला एकदाच लावतात, त्यामुळे त्यांचंही चूक म्हणवत नाही. तुमचं तसंच असेल, घरी इन्व्हर्टर असेल, तर थांबलात तरी चालेल. नाहीतर मे संपायच्या आत दुकानात जा. आधी जुन्या डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये दाखवायला सांगा, ‘कॉशन’ (सावधान) आलं तर पहिल्यांदा डेटा काढून घ्या. मग कोरी विंडोज ११ किंवा लिनक्स घालायचं नसेल तर क्लोनच करून द्या म्हणून बजावा, आणि जुनी डिस्क न विसरता परत मागून घ्या.