रात्रपाळीत वॉर्डापर्यंत येणारी लस: आमच्या हॉस्पिटलची फ्लू लसीकरण सेवा

इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य सेवेच्या हॉस्पिटलात रुग्णांची कामं करणाऱ्यांना दर हिवाळ्याआधी फ्लूची लस मोफत मिळते. मी मिडलंड्समधल्या एका मोठ्या हॉस्पिटलात वयस्कर रुग्णांच्या वॉर्डात नर्स आहे. आमच्याकडच्या या सेवेला पाचपैकी चार तारे. त्यातले तीन एकट्या रात्रीच्या ट्रॉलीला.

ऑक्टोबर लागला की कँटीनशेजारच्या खोलीत लसीकरण सुरू होतं. दिवसपाळीवाल्यांसाठी सोय चांगली आहे. पण बारा तासांच्या पाळीत जेवायला बसायची मारामार असताना वॉर्ड सोडून खाली जाणार कोण? म्हणूनच पहाटे तीनच्या सुमारास थंड पेटी घेऊन ट्रॉली वर येते तेव्हा फार बरं वाटतं. नर्सेस स्टेशनमागे खुर्ची ओढायची, बाही वर करायची, दोन मिनिटांत काम झालं. फॉर्मसुद्धा टोचणाराच भरून घेतो.

हे टोचणारे बाहेरून आलेले नसतात. त्याच मजल्यावरची, वेगळं प्रशिक्षण घेतलेली नर्स असते, त्यामुळे मनातलं विचारता येतं. ‘गेल्या वर्षी घेतली आणि लगेच आजारी पडले’ हे तर दरवर्षी कोणीतरी म्हणतंच. आम्हाला टोचणाऱ्या मल्याळी सिस्टरने त्यावर घाई न करता समजावलं: या इंजेक्शनात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे त्याने फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखाद दिवस कणकण वाटते. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि ऑक्टोबरात सर्दीचे दुसरे विषाणू फिरतच असतात. अंडं न खाणाऱ्या एका सहकारिणीला तिने पेशींवर वाढवलेली, अंड्याचा अंश नसलेली लस दाखवली. प्राण्यांपासून मिळणारं जिलेटिन लहान मुलांच्या नाकातल्या स्प्रेमध्ये असतं, या इंजेक्शनात नाही, हेही सांगितलं. गरोदर असलेल्या हेल्थकेअर असिस्टंटला तर ती म्हणाली, ‘तू आधी घे, कितवाही महिना असला तरी चालते.’ हा संवाद ईमेलमधून होणं शक्य नाही.

आता एक तारा का कापला, ते सांगते. दर आठवड्याला कोणत्या वॉर्डात किती टक्के लसीकरण झालं याचा तक्ता सगळ्यांना पाठवला जातो. मला हे मुळीच पटत नाही. 2020–21 च्या हिवाळ्यात इंग्लंडमधल्या दर चार आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी तिघांनी फ्लूची लस घेतली होती, आणि अलीकडे हे प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं आहे. मधल्या काळात कोविडची लस कर्मचाऱ्यांवर सक्तीची करायचा नियम झाला. तो 1 एप्रिल 2022 पासून लागू व्हायचा होता, पण त्याआधीच मागे घेतला गेला. त्या दिवसांत माणसं दुखावली गेली. अशांना आकडे दाखवून ढकलण्यापेक्षा शेजारी बसून बोललेलं जास्त लागू पडतं, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी त्रुटी मला जास्त खटकते. आमच्याकडचे सफाई कामगार कंत्राटदाराचे, म्हणून सुरुवातीला त्यांची नावं यादीतच नव्हती. ही मंडळी रोज प्रत्येक पलंगापाशी जातात! आमच्या वॉर्ड मॅनेजरने पाठपुरावा केला तेव्हा कुठे त्यांना लस मिळाली.

मी स्वतः कधी टाळत नाही. 2009 मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा मी पुण्यात होते. नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी लागलेल्या रांगा आठवतात. आता माझ्या वॉर्डात ऐंशी-नव्वदीचे आजी-आजोबा असतात. त्यांनी लस घेतली तरी त्या वयात शरीर पुरेशी साथ देत नाही, आणि आपल्याला काहीही लक्षण नसताना आपल्याकडून त्यांना फ्लू लागू शकतो. त्यांना भरवणारे, कूस बदलून देणारे हात आपलेच ना?

महाराष्ट्रातून इथे नव्याने रुजू झालेल्यांसाठी: ट्रॉली तुमच्या पाळीत कधी येते ते वॉर्ड मॅनेजरला विचारून ठेवा. बँक शिफ्ट, म्हणजे गरजेनुसार बदली पाळ्या करत असलात तरी विचारा. बाहेर फार्मसीत लस घेतलीत तर तसं ऑक्युपेशनल हेल्थला (कर्मचाऱ्यांचं आरोग्य पाहणाऱ्या विभागाला) कळवा, नाहीतर इथल्या नोंदीत तुमची लस राहिलेलीच दिसेल आणि आठवणीचे ईमेल येत राहतील.