जुना माइक घेताना मी फसलो, तुम्ही फसू नका

दिवाळीत आजी पंधरा दिवस आमच्याकडे होती. तिच्या जात्यावरच्या ओव्या तिच्याच आवाजात जपून ठेवायच्या, एवढ्यासाठी मी घरी रेकॉर्डिंग सुरू करायचं ठरवलं. हाताशी आठ हजार रुपये. साडेतीन हजारांत एका मित्राचा जुना ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) मिळाला, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी फुकटच आहे. राहिला माइक.

शुअर कंपनीचा एसएम५८ घे, असं जाणकार सांगतात आणि ते बरोबरच आहे. १९६६ पासून हे मॉडेल चालत आलंय, दणकट आहे, डायनॅमिक प्रकारचा असल्याने त्याला फँटम पॉवर (केबलमधून द्यायची वीज) लागत नाही आणि साध्या खोलीत तो कंडेन्सर या जास्त नाजूक कानाच्या माइकइतका पंख्याचा, रस्त्याचा आवाज ओढत नाही. पण नवा घ्यायचा तर दहा हजारांच्या आसपास. जुन्या वस्तूंच्या ॲपवर तोच ४,२०० ला दिसला.

विकणारा दादर स्टेशनबाहेर भेटला. "दादा, दोनदाच वापरलाय. बिल तेवढं सापडत नाहीये." खोका, पाउच, क्लिप, माहितीपत्रक, सगळं जागच्या जागी. त्या खोक्यालाच मी भुललो. स्टेशनबाहेर माइक लावून कुठे बघणार, म्हणून तसाच घेतला आणि यूपीआयने पैसे दिले.

आजी रोज दुपारी माइक हातात धरून गायली. मी फक्त स्क्रीनवरची आवाज दाखवणारी पट्टी हलतेय ना, एवढंच बघत होतो. ती गावी गेल्यावर हेडफोन लावून नीट ऐकलं. आवाज डब्यातून आल्यासारखा, पातळ. तिची बोटं जरा सरकली की धप्प, धप्प. ओवीचे शब्दच त्याखाली दबलेले.

मित्राचा अस्सल एसएम५८ आणला. त्यावर बोटं फिरवली तर जेमतेम खसखस, कारण आतली कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा भाग, धक्का शोषणाऱ्या बैठकीवर बसवलेली असते. मग आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही ठेवले. कंपनी वजन २९८ ग्रॅम सांगते, मित्राचा तेवढाच भरला. माझा २३६. वरून दोन्ही हुबेहूब, नावसुद्धा तसंच. या माइकच्या नकला बाजारात भरपूर आहेत, हे मला तेव्हा कळलं.

त्या माणसाने मला ब्लॉक केलंय. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रारीचा क्रमांक मिळाला, पैसे अजून नाहीत.

कळकळीने सांगतो, जुना माइक घ्यायचा असेल तर लॅपटॉप, इंटरफेस, माइकची एक्सएलआर केबल आणि हेडफोन घेऊन जा. शांत जागी बसून पाच मिनिटं रेकॉर्ड करा, लगेच ऐका. छोटा वजनकाटा पिशवीत टाका. समोरचा "घाई आहे" म्हणाला तर परत फिरा. तेवढ्या पैशांत बिलासकट, वॉरंटीसकट साधा नवा डायनॅमिक माइक घेतलेला कधीही बरा. मी तसं केलं असतं तर आजीची ती पंधरा दिवसांची मेहनत वाया गेली नसती. पैशांपेक्षा मला तेच जास्त लागलंय.

परवा फोनवर तिने विचारलं, "ऐकल्यास का रे माझ्या ओव्या?" मी हो म्हणालो. संक्रांतीला तिला पुन्हा आणतोय, मित्राचा माइक आत्तापासूनच मागून ठेवलाय.