शोधगंगा : विदर्भातल्या तालुक्यात बसून इंग्रजीचे संशोधन करणाऱ्यांसाठी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवणारा आणि त्याच विषयात पीएच.डी.साठी नोंदणी केलेला शिक्षक पहिल्यांदा अडतो तो पूर्वसंशोधनाच्या आढाव्यापाशी. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात क्रमिक पुस्तके, मार्गदर्शिका आणि स्पर्धा परीक्षांचे कपाट असते. इंग्रजीच्या अध्यापनावर आधी कोणी काय काम केले हे सांगणारे प्रबंध मात्र अमरावतीच्या किंवा नागपूरच्या विद्यापीठात असतात. शनिवारचे तास आटोपून एसटीने अमरावती गाठायची, तर वाचायला फारसा वेळ उरत नाही. अशा संशोधकाला शोधगंगा ही सेवा काय देते आणि काय देत नाही, हे मी इंग्रजीचा अध्यापक आणि संशोधक विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक या नात्याने येथे मांडत आहे.

शोधगंगा म्हणजे भारतीय विद्यापीठांत मान्य झालेल्या पीएच.डी. प्रबंधांचे खुले भांडार. विद्यापीठ अनुदान आयोगाचे गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवते. आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करणे बंधनकारक केले आणि तेव्हापासून वाढत वाढत हा साठा पाच लाख प्रबंधांच्या पुढे गेला आहे. वाचायला पैसे पडत नाहीत, नोंदणी करावी लागत नाही, पासवर्ड लागत नाही. शहरातल्या संशोधकाला ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण ज्याच्या महाविद्यालयाने कोणत्याही परदेशी नियतकालिकाची वर्गणी कधी भरलेली नाही, त्याला हे दार कोणाच्या शिफारशीवाचून उघडे असणे फार मोलाचे आहे.

ग्रामीण भागासाठी या सेवेतली सर्वांत उपयोगी बाब म्हणजे बहुतेक प्रबंध प्रकरणवार तुकड्यांत ठेवलेले असतात. मुखपृष्ठ, प्रतिज्ञापत्र, अनुक्रमणिका, प्रत्येक प्रकरण, संदर्भसूची आणि परिशिष्टे यांच्या वेगवेगळ्या पीडीएफ फाइली असतात आणि त्यांना क्रमांक दिलेले असतात. भारनियमनात वीज गेली, मोबाइलच्या डेटावर काम चालले आहे आणि रेंज एका काडीवर आली आहे, अशा वेळी शेकडो पानांची एकच फाइल उतरवणे अशक्य होते, पण तिसरे प्रकरण तेवढे उतरवता येते. ‘८०_रेकमेंडेशन’ या नावाची एक फाइल बहुतेक नोंदींत दिसते. तिच्यात सहसा मुखपृष्ठ आणि शेवटचे निष्कर्षाचे प्रकरण एकत्र असते. माझ्या विद्यार्थ्यांना मी आधी तीच उघडायला सांगतो. निष्कर्ष वाचून प्रबंध कामाचा वाटला तर संशोधन पद्धतीचे प्रकरण आणि परिशिष्टे उतरवायची, नाहीतर पुढे जायचे. यात वेळही वाचतो आणि डेटाही.

परिशिष्टांविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण त्यांच्याकडे फार कमी जणांचे लक्ष जाते. इंग्रजी अध्यापनावरच्या प्रबंधाच्या अखेरीस शिक्षकांसाठीची प्रश्नावली, वर्गनिरीक्षणाचा तक्ता, पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीच्या प्रश्नपत्रिका, आणि नशीब चांगले असेल तर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांच्या प्रतीसुद्धा असतात. आठवीच्या मुलाने निळ्या शाईने लिहिलेले ‘ही इज गो टू मार्केट’ हे वाक्य आणि त्याखाली शिक्षकाने ओढलेली लाल रेघ पाहिली, की त्या वर्गात काय चालले असेल याची जी कल्पना येते ती दहा पानांच्या विवेचनाने येत नाही. मुलाने क्रियापदाला काळ लावलेला नाही, ‘मार्केट’च्या आधी उपपद नाही आणि ‘इज’ मात्र न चुकता आहे. अशी वीस-तीस वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहणे हे नव्या संशोधकासाठी उत्तम शिक्षण आहे.

शोधयंत्रणेबद्दल मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. प्रत्येक नोंदीची माहिती त्या त्या विद्यापीठाकडून भरली जाते आणि ती भरणाऱ्यांची शिस्त सारखी नसते. शीर्षकांत वर्णलेखनाच्या चुका असतात, मार्गदर्शकाचे नाव कुठे आद्याक्षरांनी तर कुठे पूर्ण दिलेले असते, आणि सारांशाच्या जागी अनेकदा सारांश नसतोच. असला तरी मजकुरात मधूनमधून ‘न्यूलाइन’ हा संगणकाचा शब्द तसाच राहून गेलेला दिसतो. जुने प्रबंध छायाचित्रासारखे स्कॅन केलेले असल्यामुळे त्यांच्या आतला शब्द शोधता येत नाही. म्हणून एकाच शब्दावर विसंबू नये. विद्यापीठ, मग विभाग, मग वर्ष अशा क्रमाने यादी चाळावी. त्याला वेळ लागतो, पण हाती अधिक लागते.

विदर्भातल्या संशोधकाने येथे एक इतिहास ध्यानात ठेवला पाहिजे. नागपूर विद्यापीठ १९२३ चे, अमरावती विद्यापीठ १९८३ चे आणि गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ चे. अकोला, बुलढाणा किंवा यवतमाळच्या शाळांवर १९८३ पूर्वी काम झाले असेल तर ते नागपूरच्या यादीत शोधावे लागेल. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या बाबतीत २०११ पूर्वीचे कामही तिथेच. केवळ आजच्या विद्यापीठाचे नाव टाकून ‘आपल्या जिल्ह्यावर काहीच झालेले नाही’ असे प्रस्तावनेत लिहून टाकणारे आराखडे मी वाचले आहेत. ते विधान संशोधन समितीसमोर टिकत नाही. सगळे जुने प्रबंध शोधगंगेवर आलेले नाहीत, तेव्हा ग्रंथालयाची एक फेरी तरीही करावीच लागते. फरक एवढाच, की आता ती नेमकी यादी घेऊन करता येते.

आता भांडारात जे आहे त्याच्या गुणवत्तेविषयी. इंग्रजी विभागांच्या याद्या वाचत गेले की साहित्याच्या बाजूला तेच ते भारतीय इंग्रजी कादंबरीकार पुन्हा पुन्हा समोर येतात आणि प्रकरणांची मांडणीही ठरलेली दिसते : पहिल्या प्रकरणात लेखकाचे चरित्र, पुढे एका प्रकरणात एक कादंबरी, शेवटी निष्कर्ष. प्रकरणाचा मोठा भाग कथानक सांगण्यात जातो. दलित आत्मकथनांच्या इंग्रजी भाषांतरांवर बरेच काम झाले आहे आणि त्याचे मला मनापासून कौतुक आहे. पण विदर्भातला संशोधक, ज्याने ते आत्मकथन शाळेत असताना मराठीतून वाचलेले आहे, तोसुद्धा संदर्भसूचीत मूळ मराठी पुस्तकाची नोंद करत नाही, हे पाहून वाईट वाटते. मूळ पुस्तक हाताशी असणे हा त्याचा सर्वांत मोठा लाभ आहे. दिल्ली किंवा हैदराबादच्या संशोधकाजवळ तो नाही.

अध्यापनाच्या बाजूला चित्र थोडे वेगळे आहे. तिथे दुसरे प्रकरण सहसा भारतात इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणापासून सुरू होते, वूडच्या १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यावरून स्वातंत्र्यानंतरच्या कोठारी शिक्षण आयोगापर्यंत येते आणि मग व्याकरण-भाषांतर पद्धतीपासून संप्रेषणात्मक (संवादातून भाषा शिकवण्याच्या) पद्धतीपर्यंतचा प्रवास सांगते. चार प्रबंध वाचल्यावर हा भाग डोळे झाकून ओलांडता येतो. त्यापुढे प्रयोग येतो : जुन्याच पद्धतीने शिकणारा एक नियंत्रित गट, एक प्रायोगिक गट, मध्ये काही आठवडे नवी पद्धत आणि शेवटी दोन गटांच्या गुणांची तुलना करणारी टी-चाचणी. नवी पद्धत बहुधा यशस्वी ठरते. शिक्षक स्वतःच संशोधक असताना आणि मुलांना आपल्यावर प्रयोग चालला आहे हे ठाऊक असताना या यशातला किती वाटा पद्धतीचा आणि किती उत्साहाचा, हा प्रश्न फार थोडे प्रबंध विचारतात. जे विचारतात ते वेगळे काढून ठेवावेत.

माझी खरी तळमळ मात्र जे या भांडारात मला क्वचितच भेटते त्याविषयी आहे. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागांतल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवरचे, म्हणजे वस्त्यांवरचे, मूल घरी कोलामी बोलते, शाळेत मराठी शिकते आणि त्याच वर्षी त्याच्यापुढे इंग्रजीचे पुस्तक येते. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा. मेळघाटातली कोरकू तर मुंडा गटातली, म्हणजे तिचे कूळ मराठीपेक्षाही वेगळे आणि कोलामी-गोंडीपेक्षाही वेगळे. या मुलांच्या इंग्रजीतल्या चुका मराठीच्या प्रभावाने होतात की त्यांच्या घरच्या भाषेच्या प्रभावाने, की दोहोंच्या मिश्रणाने, हे पाहण्यासाठी विदर्भाइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही. तरीही ‘ग्रामीण विद्यार्थ्यांच्या अडचणी’ या एकाच नावाखाली वऱ्हाडी बोलणारा, झाडीबोली बोलणारा, गोंडी बोलणारा आणि कोलामी बोलणारा असे सगळे एका तक्त्यात बसवले जातात. परिशिष्टातल्या प्रश्नावलीत ‘घरी कोणती भाषा बोलता’ हा प्रश्न आहे की नाही, एवढे पाहिले तरी प्रबंधाची खोली कळते.

आपल्या आडगावच्या वर्गात काय मोठे संशोधन होणार, असे ज्यांना वाटते त्यांनी दोन नावे आठवावीत. इंग्रजीचे अध्यापक मायकेल वेस्ट यांनी वाचनाविषयीचे आपले विचार मांडले ते १९२० च्या दशकात ढाक्यात, बंगाली मुलांना शिकवता शिकवता. एन. एस. प्रभू यांचा १९७९ ते १९८४ या काळातला बंगलोर प्रकल्प दक्षिण भारतातल्या साध्या शाळांच्या वर्गांत चालला आणि कार्याधारित अध्यापनाची (मुलांना काम देऊन त्यातून भाषा शिकवण्याची) चर्चा आज जगात कुठेही झाली तरी त्याचा उल्लेख होतो.

उसनवारीबद्दल एक स्पष्ट सूचना. खुले भांडार म्हणजे खुली उचल नव्हे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सुधारित प्रबंध सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष सादर करण्यास मनाई होते आणि त्याहून अधिक असेल तर नोंदणीच रद्द होते. शोधगंगेवरचा मजकूर जसा संशोधकाला दिसतो तसा तपासणाऱ्यालाही दिसतो. याच कुटुंबातल्या शोधगंगोत्री या सेवेवर चालू संशोधनाचे आराखडे ठेवलेले असतात. विषय पक्का करण्यापूर्वी तेही पाहावेत.

आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. संशोधक विद्यार्थ्याच्या मोबाइलवर ‘आठ दिवसांत लेख छापून देतो, आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) आहे’ असे संदेश सतत येत असतात. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीने अशाच एका मासिकाला पैसे भरले. लेख छापला गेला, पण कोणी वाचून तपासल्याची एकही खूण त्यात नव्हती, आणि मुलाखतीत त्या लेखाची दखल घेतली गेली नाही. आयोगाने मे २०१८ मध्ये मान्य नियतकालिकांच्या स्वतःच्याच यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली होती, त्यावरून हा बाजार किती पसरला होता ते कळते. आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने प्रबंध सादर करण्यापूर्वी लेख छापण्याची सक्ती काढली आहे. तेव्हा घाईने पैसे भरण्याऐवजी तेवढा वेळ चांगले प्रबंध वाचण्यात घालवावा.

शोधगंगेवर पूर्णपणे विसंबून चालणार नाही, याचे कारण तिच्या स्वरूपातच आहे. प्रबंध मान्य होऊन तिथे येईपर्यंत त्यातली चर्चा काही वर्षे जुनी झालेली असते. ताज्या लेखांसाठी अमेरिकेच्या शिक्षण विभागाची एरिक ही सूची वापरावी. तिच्यात ‘ईडी’ क्रमांकाचे अनेक दस्तऐवज पूर्ण आणि मोफत मिळतात. १९९४ पासून निघणारे टीईएसएल-ईजे हे इंग्रजी अध्यापनाचे नियतकालिकही पूर्णपणे खुले आहे. १९४६ मध्ये सुरू झालेल्या ईएलटी जर्नलसारख्या जुन्या नियतकालिकांचे बहुतेक अंक मात्र वर्गणीशिवाय उघडत नाहीत. वर्गणीच्या नियतकालिकांसाठी इन्फ्लिबनेटचीच एन-लिस्ट ही योजना आहे. महाविद्यालयाने वार्षिक वर्गणी भरली असेल तर प्रत्येक अध्यापकाला स्वतंत्र लॉगिन मिळते आणि ते घरूनही चालते. अनेक महाविद्यालयांत वर्गणी नियमित भरलेली असते, पण लॉगिन कोणी मागितलेलेच नसते. ते ग्रंथपालांकडे अर्ज करून मागून घ्यावे लागते.