जुनी १०/२२ सुधारायची की नवी बोल्ट-ॲक्शन घ्यायची?

घरात रुगर १०/२२ (गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप चढवणारी .२२ रायफल) आहे, पन्नास यार्डांवर गोळ्या पसरतात. आता हिच्यावर खर्च करायचा की विकून सॅव्हेज मार्क २ किंवा सीझेड ४५७ अशी बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायची रायफल, घ्यायची? इथे टेक्सासात आमच्या मराठी मित्रांत रेंजवर नवीन येणारा प्रत्येक जण हे विचारतो. माझं ठाम मत आहे की रायफलीला हात लावण्याआधी काडतुसं बदलून बघा. निम्म्याहून जास्त लोकांचा निर्णय तिथेच होतो.

सेंटरफायरवाले (ज्यांच्या काडतुसाची ठिणगी बुडाच्या मधोमध असते) आपली काडतुसं घरी भरून घेतात. आपल्या .२२ सारख्या रिमफायरला (ठिणगी बुडाच्या कडेत) ती सोय नाही. कारखान्यातून जे येतं तेच वापरायचं, म्हणून निवड महत्त्वाची. मोठ्या डब्यातली स्वस्त हाय-व्हेलॉसिटी काडतुसं सेकंदाला साधारण १२५० फुटांनी सुटतात. आवाजाचा वेग साधारण ११२५ फूट. पन्नास यार्डांपर्यंत पोचता पोचता गोळी तो वेग ओलांडून खाली येते आणि तिथे तिचा तोल ढळू शकतो. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची गोळी (सीसीआय कंपनीची १०७० फूट) मुळातच आवाजाच्या वेगाखाली असते, आणि विशेष म्हणजे वाऱ्याने कमी वाहवते.

चार-पाच प्रकारांची एकेक डबी आणा. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून, वारा पडलेला असताना, प्रत्येकाचे पाच-पाच गोळ्यांचे निदान तीन ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) घ्या. डबी बदलली की पहिल्या दहा गोळ्या मोजू नका. काडतूस हातात घेतलं की शिशावरचं मेण बोटांना लागतं ना, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, आणि नळीत आधीच्याचा थर बसलेला असतो. माझ्याकडे डब्यातल्या स्वस्त काडतुसांचा ग्रुप दोन इंचांचा यायचा. त्याच दिवशी, त्याच नळीतून, स्टँडर्डचा इंचाच्या जरा वर आला. कागदावर दोन्ही शेजारी बघितले तेव्हा मला फार आनंद झाला, कारण रायफल चांगलीच होती.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून नेमबाजी) विश्वविजेत्या झाल्या आणि स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं, ते याच .२२ लाँग रायफल काडतुसावर. त्या पातळीवर तर एकाच काडतुसाचे वेगवेगळे लॉट (कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपा) आपल्या नळीतून तपासून मगच खरेदी होते.

आता रायफलींकडे. १०/२२ १९६४ पासून बाजारात आहे आणि तिचे सुटे भाग सहज मिळतात. स्टॉकला (खांद्याला टेकवायच्या दस्त्याला) ती एकाच स्क्रूने धरलेली असते. तो १५ ते २० इंच-पाउंडांवर (स्क्रू आवळायच्या जोराचं माप), दर वेळी तेवढाच आवळा. माझ्या एका मित्राच्या रायफलीचा स्क्रू बोटाने फिरत होता, आणि तो महिनाभर दुर्बिणीला दोष देत होता. कार्बाइनवरची (१०/२२ चा आखूड नळीचा प्रकार) बॅरल बँड, म्हणजे नळी स्टॉकला बांधणारी पट्टी, काढून बघायला पैसे पडत नाहीत. कुणाला फायदा होतो, कुणाला नाही.

खरा फरक ट्रिगरचा. मूळचा जड आहे. ओढता ओढता नेम हलतो. कंपनीचाच बीएक्स ट्रिगर साधारण शंभर डॉलरांत येतो आणि घरी बसवता येतो. आधी मॅगझिन काढा, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) रिकामा आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. मूळ ट्रिगरचे भाग घासून हलके करायच्या भानगडीत मात्र पडू नका. धक्क्याने गोळी सुटेल अशी रायफल घरात नको. आणि हे सगळं अमेरिकेपुरतं. भारतात शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दुरुस्ती किंवा बदल हे त्या कामाचा परवाना असलेल्याचंच काम.

सॅव्हेज आणि सीझेड दोन्हींचा ट्रिगर घरीच हलका-जड करता येतो. बोल्ट काढला की नळी मागून साफ करता येते, म्हणजे पुढच्या तोंडाला गज घासून इजा होत नाही. १०/२२ मागून बंद, तिला नळीतून ओढायची साफसफाईची दोरी बरी. शिवाय मंद काडतुसांवर १०/२२ कधी अडकते. बोल्ट हाताने चालत असल्याने तिथे तो प्रश्न नाही. सीझेड जास्त देखणी, पण किंमतही तशीच. कमी पैशांत कागदावर ग्रुप हवे असतील तर मी सॅव्हेज घेईन. फक्त तिचा प्लॅस्टिक स्टॉक लवचिक असतो. नळी आणि स्टॉकच्या मध्ये कागदाची पट्टी सरकते का, म्हणजे स्टॉक नळीला टेकत नाही ना, ते रायफल पिशवीवर ठेवून बघा.

तर, मुलांबरोबर डबे पाडायचे असतील तर १०/२२ ठेवा. काडतुसं आणि ट्रिगर, एवढंच करा. त्यानंतरही इंचाच्या आत यायचं असेल, तर नवी नळी आणि नवा स्टॉक यांवर पैसे घालू नका. तेवढ्यात बोल्ट-ॲक्शन येते. विकायची ठरली तर मूळ ट्रिगर परत बसवून विका. बीएक्स वेगळा विकला की त्याचे पैसे वेगळे येतात.