जुना मिनी ट्रॅक्टर: 15 एचपीचा सिंगल सिलिंडर की 24 एचपीचा फोर बाय फोर?

जुन्या मिनी ट्रॅक्टरच्या बाजारात साधारण दोन जातीची गिऱ्हाइकं दिसतात. एक जण महिंद्रा युवराज 215 किंवा स्वराज 717 बघायला आलेला असतो, दुसरा कुबोटा बी2441. दोघंही पहिला प्रश्न विचारतात, 'कोणत्या सालचा?' खरं तर आधी विचारायला हवं की हा राबला कशावर. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत ब्लोअर (हवेच्या झोताने फवारणारं यंत्र) ओढलेला चार वर्षांचा ट्रॅक्टर आणि उसाच्या सरीत फक्त भरणीला (बुडाशी माती लावायला) चाललेला आठ वर्षांचा ट्रॅक्टर, यात दुसरा जास्त ताजा निघू शकतो. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारणीचा मारा चालू असतो. इंजिन तासन्‌तास पीटीओच्या (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टच्या) आरपीएमवर असतं आणि रेडिएटरवर बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याची) निळसर पुटं चढत जातात.

आधी साधा ट्रॅक्टर. युवराज आणि 717, दोन्ही 15 एचपी, सिंगल सिलिंडर, टू व्हील ड्राइव्ह, सहा पुढचे आणि तीन मागचे गिअर. युवराजला पीटीओवर साधारण 11 एचपी मिळते. तीन फुटी रोटाव्हेटर, कोळपणी, भरणी, दोनशे लिटरच्या टाकीचा एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी) पंप, छोटी ट्रॉली ही याची कामं. बिघाड काय होणार हे आधीच ठाऊक असतं आणि तो गावातला कोणताही मिस्त्री काढतो. सिंगल सिलिंडरच्या थरथरीने बोल्ट ढिले होतात, सायलेन्सरचा ब्रॅकेट तडकतो, मडगार्डला भेग जाते. हे किरकोळ आहे, वेल्डिंगवाल्याकडे संपतं.

किरकोळ नसलेली एक गोष्ट मात्र फार कमी जण तपासतात. सिंगल सिलिंडर इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनला अडून ठरावीक जागीच थांबतं. त्यामुळे स्टार्टरचं पिनियन रोज फ्लायव्हीलच्या रिंगच्या त्याच चार-सहा दातांवर आदळतं. म्हणून एकदा स्टार्ट करून समाधान मानू नका. दहा वेळा बंद-चालू करा. एखाद्या वेळी नुसता 'किर्रर्र' आवाज आला आणि इंजिन फिरलं नाही, तर दात गेले. रिंग स्वस्त आहे, पण ती बदलायला ट्रॅक्टर मधून फोडावा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात. ते काम निघालं तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदलून घ्या, मजुरी एकदाच पडते.

या ट्रॅक्टरांना सगळ्यात जास्त मारलंय ते हौसेने. तीन फुटीच्या जागी चार फुटी रोटाव्हेटर लावून कडक रानात चालवलेला 15 एचपी ओळखू येतो. टॉप लिंकच्या पिनेचं भोक अंडाकृती झालेलं असतं, पीटीओ शाफ्टच्या खाचांची धार गेलेली असते, क्लच घसरतो. क्लचची परीक्षा सोपी आहे. वरचा गिअर टाका, ब्रेक दाबून धरा आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन धडकन बंद पडायला हवं. तसंच फिरत राहिलं तर प्लेट गेली.

आता बी2441. 24 एचपी, तीन सिलिंडर, 1123 सीसी, नऊ पुढचे-तीन मागचे गिअर, तेलातले ब्रेक आणि फोर बाय फोर. पीटीओला 17 च्या आसपास एचपी मिळते, आणि द्राक्षबागायतदार पैसे मोजतो ते याच फरकासाठी. पाचशे-सहाशे लिटरचा ब्लोअर चढाच्या ओळीत ओढायला 15 एचपी पुरत नाही, मग बाकी कितीही जमेची बाजू सांगा. लिफ्टच्या आकड्यावर मात्र भुलू नका: युवराजची 778 किलो, याची 750. नुसतं अवजार उचलायला जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. तीन सिलिंडरमुळे अंगाला धक्के कमी बसतात, दिवसभर बसणाऱ्याला ते संध्याकाळी कंबरेत कळतं.

जुन्यात याची जोखीम असते ती पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये. पुढची चाकं बेव्हल गिअरवर फिरतात आणि ते गिअर चाकाजवळच्या बंद डब्यात तेलात असतात. सील फुटलं की तेल बाहेर येतं आणि चिखलाचं पाणी आत जातं. दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला हात घाला. धुळीचा काळा चिकट थर लागला तर सील गळतंय. खालचा प्लग सैल करून दोन थेंब बोटावर घ्या. तेल दुधी असेल किंवा उन्हात चमचमणारा चुरा दिसला, तर पुढचं बोलणंच थांबवा. नंतर पुढचा भाग जॅकवर घ्या, फोर बाय फोर टाका आणि चाक हाताने पुढे-मागे हलवा. थोडा प्ले (सैलपणा) असतोच. पण चाक बऱ्यापैकी फिरून मग 'टक्‌' आवाज आला, तर गिअर झिजलेत. हे गिअर कंपनीचेच घ्यावे लागतात, आणि तिथे साध्या ट्रॅक्टरच्या मानाने खिसा चांगलाच हलका होतो.

टायर बघताना नुसती नक्षी किती उरली ते बघू नका, साईज वाचा. बी2441 ला पुढे 7-12 आणि मागे 8.3-20 येतात. फोर बाय फोरमध्ये पुढच्या चाकांचा परीघ आणि मागच्यांचा परीघ यांचं गणित गिअरशी जुळवलेलं असतं. पुढे दुसऱ्या साईजचा टायर बसवला, किंवा मागे कोरे आणि पुढे गुळगुळीत असे टायर ठेवून चालवला, की पुढचं-मागचं एकमेकांना ओढत राहतं आणि तो ताण गिअरवर जातो. डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर न काढता पळवणारे ड्रायव्हरही हेच करतात. पुढचे टायर मागच्यांपेक्षा फार आधी झिजलेले दिसले तर कारण हेच धरा.

बाकी तपासणी दोन्हींना सारखीच. मालकाला आधीच सांगा, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटखाली हात लावा, गरम लागलं तर समजून जा, थंड इंजिन चालू व्हायला त्रास देतं हे लपवलंय. बी2441 ला हीटर प्लग आहेत, ते तापू द्या, मग स्टार्टर मारा. पहिला पांढरा धूर क्षणभर चालतो. इंजिन गरम झाल्यावरही पांढराच राहिला तर नोझल किंवा हेड गॅस्केट, निळा असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाईड, नुसत्या चालण्यात काळा असेल तर आधी एअर फिल्टर बघा. ऑइलचं झाकण काढून भोकावर तळहात धरा. हलकी फुंकर ठीक, पण भकाभका वाफ आणि तेलाचे शिंतोडे आले तर इंजिनचं काम निघालंच.

लिफ्टला रोटाव्हेटर लावून उचला. इंजिन चालू असताना दर काही सेकंदांनी तो खाली येऊन पुन्हा उचकत असेल, तर सिलिंडरची ओ-रिंग गेली. हे काम तुलनेने स्वस्त, पण भाव पाडायला उत्तम.

तासांच्या मीटरवर फार विसंबू नका. केबलवरचा मीटर इंजिनच्या फेऱ्या मोजतो, ठरलेल्या आरपीएमवर चाललं तरच त्याचा तास खरा, कमी आरपीएमला तो मागे राहतो. शिवाय केबल काढायला पान्हाही लागत नाही. त्यापेक्षा क्लच पेडलचं रबर आणि पाय ठेवायच्या पत्र्यावरचा रंग बघा. मीटर 900 तास दाखवतो आणि पत्रा चांदीसारखा चकचकीत असेल, तर पत्र्यावर विश्वास ठेवा.

भाव करताना एक गोष्ट हातात ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. त्याआधीच्या बिलाचा कागद पुढे करून 'एवढ्याला घेतला होता' म्हणणाऱ्याला आजचं कोटेशन दाखवा.

कागदांत आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते आधी बघा. असेल तर तो उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, नाव चढवायला 29 आणि 30. अनुदानावर घेतलेला असेल तर मालकाने दिलेल्या हमीपत्राची प्रत मागा, विकायला मुदतीची अट असू शकते. आणि इसार देण्याआधी डिझेलचा बोळा घेऊन ब्लॉकवरचा इंजिन नंबर आणि चॅसी नंबर स्वतः घासून वाचा. तो आरसीशी एकेक अक्षर जुळवून बघा, रंग ताजा मारलेला असेल तर तो खरवडून.